निसीम कंडक्टरची दहा माणसं

लीयाच्या मातीला दोनशे माणूस आलं होतं. निसीमच्या मोजणीत ते सात भरलं.

मोजणी चुकलेली नव्हती. निसीमने एस.टी.त एकतीस वर्षं कंडक्टरकी केली होती, त्यातली बहुतेक रोहा–नागोठणे–पेण या एकाच रस्त्यावर. मागच्या दारापासून ड्रायव्हरपर्यंत पोचेतो किती बसलेत, किती उभे आहेत आणि किती दुसऱ्याच्या मांडीवर आहेत, हे त्याला बोट न हलवता कळायचं. त्या दिवशी कबरस्तानात अख्खी वाडी लोटली होती, शेजारच्या तीन गावांतली माणसं होती, रोह्याच्या बाजारातले निम्मे दुकानदार फळ्या टाकून आले होते. त्यांतला एकही माणूस उपयोगाचा नव्हता.

कारण निसीम होता बेने इस्राएल, म्हणजे गावाच्या तोंडी शनवार तेली. पूर्वी या लोकांचे घाणे शनिवारी बंद असत, म्हणून हे नाव. पुढे घाणे गेले, घाणेवाले एकेक करून इस्राएलला गेले, निसीमची एकुलती मुलगी दीनाही नवऱ्यामागे गेली. नाव तेवढं मागे राहिलं आणि त्या नावाला ओ देणारा वाडीत एकटा निसीम. त्यांच्या धर्मात मेलेल्यासाठी कद्दीश नावाची प्रार्थना म्हणतात. ती म्हणायला आपल्या धर्माचे दहा पुरुष हजर लागतात, प्रत्येक जण तेरा वर्षं पूर्ण केलेला. नऊ असतील तर नवांनी आपापल्या मनात काय ते म्हणावं आणि घरी जावं.

पेणहून म्हातारा हासाजी आला होता, अलिबागहून चौघं, लीयाचा भाऊ आणि निसीम स्वतः. हे सात. आणखी पाच जण ठाण्याहून जीपने निघाले होते, पण वडखळच्या नाक्यावर त्यांच्या जीपचा पट्टा तुटला. ते पोचले तेव्हा माती पडून गेली होती आणि अलिबागचे चौघं शेवटची गाडी पकडायला निघून गेले होते. म्हणजे एका दिवसात लीयासाठी एकूण बारा पुरुष रोह्यात येऊन गेले, फक्त एकाच वेळी नाही. अशा चुका एस.टी.त नेहमी होतात आणि त्यांना टाइमटेबल म्हणतात.

लीयाने मरायच्या आधी नवऱ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. छातीत कफ भरलेला, दोन शब्दांमध्ये तीनदा थांबायची. पण एवढं तिने पूर्ण म्हटलं होतं, "माझ्या आईच्या मातीला साठ पुरुष होते. मला मुकी नका पुरू."

तिला मुकी पुरली. त्यावर निसीम वर्षभर झोपला नाही असं म्हणता येणार नाही. तो झोपायचा, जेवायचा, भातकापणीनंतर वाल पेरायचा. पण बाजारात, देवळापुढे, लग्नाच्या मांडवात, कुठेही चार माणसं दिसली की त्याच्या डोक्यातली मोजणी सुरू व्हायची आणि दर वेळी एकावर येऊन थांबायची.

वर्षाच्या तिथीला तरी दहा जमवायचे म्हणून त्याने सगळीकडे पत्रं टाकली. अलिबागच्या चौघांपैकी दोघं आता इस्राएलात होते, एक कबरीत होता आणि चौथ्याला दिसत नव्हतं. मुंबईकरांनी "नक्की बघू" असं लिहिलं, म्हणजे नाही. लीयाच्या भावाने गुडघ्यांचं कारण दिलं. अशात ठाण्याहून कोणीतरी सांगितलं, तिथले एझ्रा सर समाजाची पोरं घेऊन नाताळच्या सुटीत तंबू ठोकायला कुठेतरी जाणार आहेत आणि जागा शोधताहेत. रोह्यापर्यंत रेल्वे येऊन तेव्हा दोनतीनच वर्षं झाली होती. निसीमने त्याच दिवशी पत्र लिहिलं. नदीकाठी माझं शेत मोकळं आहे, पेंढा लागेल तेवढा आहे, मडक्यातली पोपटी मी स्वतः लावीन. त्याच दिवसांत लीयाचं वर्ष येतं, तेही सगळ्यांच्या हातून होऊन जाईल. फक्त पोरं तेरा पूर्ण झालेलीच आणा, लहानांची जबाबदारी माझ्याच्याने व्हायची नाही.

एझ्रा सरांना कारण समजलं. त्यांनी फॉर्म छापले आणि वर ठळक अक्षरांत तेरा वर्षांची अट घातली. सात पोरं मिळाली. सात पोरं, एझ्रा सर, पेणचा हासाजी आणि निसीम. दहा. हे कळल्यावर निसीमने बायजाला बोलावून आठ किलो तांदूळ निवडायला दिले.

बायजा शेजारच्या घरची. लीयाच्या आजारपणात तिनेच केलं होतं. तिची जीभ अशी, की वाडीतली कुत्री तिच्या अंगणातून जाताना शेपूट आत घ्यायची.

"दहाच का रं दादा?" तिने सुपातून डोकं वर न काढता विचारलं. "आमचे दोनशे आलते, ते काय कुडाला टेकायला आलते?"

"तसं नाय गो. ज्याची त्याची रीत असते."

"रीत हाय तर असूं दे. पर तुझ्या देवाला दहाच्या वर मोजता येत नाय, दहाच्या खाली बी येत नाय. मोठा नाजूक गडी हाय."

नाताळच्या दिवशी, रविवारी सकाळी, निसीम रोह्याच्या स्टेशनवर उभा होता. डब्यातून पोरं उतरली, दप्तरं उतरली, स्काउटचे तीन तंबू आणि एक ढोलकी उतरली. निसीमची नजर आपसूक फिरली. एक, दोन, पाच, सहा. सातवा खाली दिसेना. तो दाराच्या पायरीवर उभा होता, खाली उडी मारावी की नाही याचा विचार करत. डोक्यावर माकडटोपी, अंगात गुडघ्यापर्यंत पोचणारा स्वेटर.

"हा किती वर्षांचा?" निसीमने विचारलं.

पोराने आधी एझ्रा सरांकडे पाहिलं, मग म्हणाला, "तेरा."

"रूबेन नाव," एझ्रा सर म्हणाले. "दिवाळीत तेरा पूर्ण झालीत काका, फॉर्मवर वडिलांची सही आहे. त्याचा समारंभ मे महिन्यात करणार आहेत, थाटात."

निसीमने त्याला पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. वय ओळखणं हे त्याचं खास काम होतं. एस.टी.त बारा वर्षांखालच्याला अर्धं तिकीट, आणि त्या एका नियमापायी निसीमने एकतीस वर्षांत मिसरूड फुटलेली अकरा वर्षांची पोरं पाहिली होती, पदर सावरणाऱ्या दहा वर्षांच्या मुली पाहिल्या होत्या. "माझ्या डोळ्यांत बघून सांगा, बाई," असं म्हटलं की पेणपासून रोह्यापर्यंतची कुठलीही आई कबूल व्हायची. पण एकतीस वर्षांत एकाही आईबापाने पोराचं वय वाढवून सांगितलं नव्हतं. तशी गरज कोणाला पडते? म्हणून बाप तेरा म्हणतोय म्हणजे निदान तेरा, असं निसीमने धरलं आणि पोराची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली.

रोह्याची थंडी नाशिककडच्या माणसाला सांगितली तर तो हसून बनियनवर बाहेर येईल. दुपारी तर घामच येतो. पण कुंडलिकेच्या काठाला पहाटे धुकं बसतं, दव तंबूच्या कापडातून आत गळतं आणि ठाण्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर वाढलेल्या हाडांत ते नीट शिरतं. एझ्रा सरांना तेच हवं होतं. ते एका शाळेत व्यायाम शिकवत, गळ्यात शिट्टी असे. मुलं चिवट झाली पाहिजेत असं त्यांचं मत होतं आणि स्वतः ते रोज गरम पाण्याने अंघोळ करत.

सहा पोरांनी पहिल्या दुपारीच रूबेनला निवडून काढलं. त्यासाठी फार शोधावं लागत नाही, कळपाला वास येतो. तो खोकायचा. त्याला तंबूची दोरी बांधता आली नाही. आणि त्याने डाळीतला लसूण बाजूला काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव ओला पापड पडलं होतं.

त्या संध्याकाळी निसीमने पोपटी लावली. मडक्याच्या बुडाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर ओवा आणि जाडं मीठ लावलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये रताळी, अंडी, पुन्हा शेंगा, पुन्हा पाला. कोंबडी नाही, कारण त्यांच्या रीतीने कोंबडी कापणारा माणूस तालुक्यात उरला नव्हता. मडकं जमिनीवर पालथं घातलं, भोवती पेंढा आणि काटक्या रचल्या आणि पेटवून दिलं. पोरं जाळाभोवती नाचली. निसीमने मडक्यावर पाण्याचे थेंब उडवले, ते चर्र करून उडून गेले, तेव्हा शिजलं म्हणून त्याने काठीने जाळ बाजूला केला.

सगळे शेंगांवर तुटून पडले. रूबेन एक अंडं हातात धरून निसीमजवळ येऊन बसला, ऊब लागावी म्हणून. बराच वेळ त्याने ते सोललं नाही.

"आजोबा, ठाण्याची गाडी किती वाजता असते?"

"सकाळी एक, संध्याकाळी एक. का रे?"

"असंच."

पलीकडून एक पोरगा ओरडला, "पापडाला आई पाहिजे! पापड, तुझ्या आईला तार करू का?" बाकीचे ढोलकीवर ताल धरून "आई पाहिजे, आई पाहिजे" करू लागले. मग दोघं उठले आणि त्याची पांघरायची गोधडी तंबूतून काढून नदीत बुचकळून आणली. पापडाची गोधडीही ओली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

निसीमला हे सगळं दिसत होतं. एस.टी.तला निसीम असता तर कानाखाली वाजवून दोघांना नागोठण्याच्या आधी उतरवलं असतं. पण इथे एखाद्याला उतरवलं तर नऊ राहिले असते. त्याने एझ्रा सरांकडे पाहिलं. सर रताळं सोलत होते. "पोरं आहेत काका," ते म्हणाले. "आपसात होतं सगळं नीट. मधे पडलं की पोर कायमचं मऊ राहतं."

रूबेन त्या रात्री पेंढ्यावर, स्वेटर घालून झोपला. सकाळी शिट्टी झाल्यावर बाकीच्यांबरोबर त्यालाही नदीत तीन बुडक्या मारायला लावल्या. तिसरीनंतर तो वर आला तेव्हा त्याचे दात एकमेकांवर असे आपटत होते की सहाजणांना पुन्हा ढोलकी आठवली.

भांडी घासायला आलेल्या बायजाने त्याला पाहिलं आणि राखेचा हात पदराला पुसून त्याच्या कपाळावर ठेवला.

"दादा, हिकडं ये. ह्या पोराच्या अंगावर भाकर भाजंल."

"थंडी बाधलीय. गरम पेज दे, उतरेल."

"पेजेनं उतरेल?" बायजा म्हणाली. "मंग लीयावयनीला मी काय पुरणपोळ्या घालत व्हते?"

निसीमने पोराला उलटं बसवलं आणि त्याच्या पाठीला कान लावला. आत, डाव्या बाजूला, ओला पेंढा पेटवल्यासारखं चुरचुरत होतं. हा आवाज त्याला पाठ होता. गेल्या वर्षी शेवटचे आठ दिवस तो हेच ऐकत होता. त्याने कान काढला.

"काय नाय," तो म्हणाला. "पोटात वारा धरलाय."

हे खोटं आहे हे बायजाला कळलं, आणि तिला कळलं हे निसीमला. मध्ये बसलेल्या पोराला तेवढं कळलं नाही. त्याने मान डोलावली, वाऱ्याचंच असेल म्हणून.

एझ्रा सर मात्र आता घाबरले. चिवटपणा आणि ताप यांतला फरक त्यांना थर्मामीटर लागला की समजायचा, आणि थर्मामीटर एकशेतीन दाखवत होता. "काका, संध्याकाळच्या पॅसेंजरने मी याला घरी पोचवून येतो," ते म्हणाले. "उद्या दुपारपर्यंत परत. पोरांकडे तुम्ही बघाल ना?"

प्रार्थना उद्या सकाळची होती. तिथी पुढे सरकवता येत नव्हती. एक पोर गेलं तर नऊ, आणि त्याला पोचवायला हे गेले तर आठ. निसीमने एवढं मोजायला जो वेळ लागतो तेवढाच घेतला.

"आज कुठली पॅसेंजर? नाताळच्या आठवड्यात संध्याकाळची बंद असते."

"बंद?"

"रेल्वेत निम्मे मोटरमन किरिस्ताव. गाडी चालवणार कोण?"

एकतीस वर्षं प्रवाशांना वेळा सांगितलेल्या माणसाला कोणी उलट विचारत नाही. एझ्रा सरांनीही विचारलं नाही. "मग डॉक्टर?" ते म्हणाले.

"उद्या सकाळीच नेऊ. उरकलं की लगेच. मी आहे ना, माझ्या घरात निजवतो त्याला."

आणि त्याने निजवलं, लीयाच्या खाटेवर, दोन रजयांखाली. त्यानंतर त्या पोराची जी शुश्रूषा निसीमने केली ती पाहून कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावं. औषधाच्या दुकानातून तापाच्या गोळ्या आणल्या. तिळाचं तेल कोमट करून छाती-पाठ चोळली. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या बदलल्या, पेज चमच्याने भरवली, तोंड पुसलं. पोटच्या मुलीचं त्याने कधी एवढं केलं नव्हतं. दर थोड्या वेळाने तो वाकून त्याचा श्वास बघत होता. पोर उद्या सकाळपर्यंत टिकायला हवं होतं.

दुपारी हासाजी पेणहून एस.टी.ने आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, कमरेत काटकोन झालेला, कानाने अर्धा. आल्याआल्या त्याने खाटेकडे काठी रोखली.

"हा कोण?"

"आपल्यातलाच. दहांतला."

"ह्याला धरून दहा?" हासाजी खाटेजवळ जाऊन वाकला. "मी समजत व्हतो, त्या मोजणीतला सगळ्यांत मेलेला मी."

दिवेलागणीला सगळे अंगणात जमले. एझ्रा सर पोरांना दुसऱ्या दिवशीची प्रार्थना सांगत होते, कुठे कोणी आमेन म्हणायचं ते. खाट दाराशी आणली होती. तेवढ्यात नदीपलीकडून लांबलचक शिट्टी आली, आणि मागोमाग डब्यांचा खडखडाट. थांबत थांबत, स्टेशन सोडताना होतो तसा.

रूबेनने मान उचलली. एझ्रा सर बोलता बोलता थांबले.

"पॅसेंजर आज टायमावर हाय," हासाजी म्हणाला. दुपारपासून त्याला कोणाचंही ओरडल्याशिवाय ऐकू आलं नव्हतं.

"मालगाडी आहे ती," निसीम म्हणाला.

"असंल."

बायजा आपल्या तुळशीकडच्या कुडाला टेकून उभी होती. "मालगाडी व्हय?" तिने विचारलं. एझ्रा सरांनी वहीत डोकं घातलं आणि पुढची ओळ वाचली. त्यांना ऐकू आलं होतं, पण माहीतगार माणसावर विश्वास ठेवणं सोयीचं असतं. रूबेन डब्यांचा आवाज पूर्ण विरेपर्यंत ऐकत राहिला.

"आजोबा, मालगाडी पण ठाण्यालाच जाते का?"

"नीज आता. उद्या तुझीच गाडी."

मंगळवारी फटफटलं तेव्हा धुकं इतकं होतं की शेताच्या बांधावरून नदी दिसत नव्हती. कबरस्तान अर्ध्या मैलावर, नदीच्याच काठाला. निसीमने पोराला रजईत गुंडाळलं आणि पाठुंगळी घेतलं. त्याचं वजन भाताच्या अर्ध्या गोणीएवढंही नव्हतं. कानाशी त्याचा श्वास लागत होता, गरम आणि चुरचुरता. मागून हासाजीला दोन पोरं धरून आणत होती. ओला पापड म्हणणारी तोंडं आज गप्प होती. थंडीनेही असतील.

कबरस्तानाच्या फाटकाशी बायजा उभी होती. एवढ्या पहाटे तिचं तिथं काही काम नव्हतं.

"दादा, मेलेल्या बाईला जितं पोर घालतोस व्हय?"

"बाजूला हो गो बायजा. पाच मिनिटांचं काम."

"वयनी असती तर थोबाडीत दिली असती तुझ्या."

"वयनीनेच मागितलंय," निसीम म्हणाला आणि तिच्या बाजूने पुढे गेला.

लीयाच्या कबरीशी त्याने पोराला खाली उतरवलं, रजईसकट, आणि आपल्या अंगाला टेकवून उभं केलं. प्रार्थनेला उभंच राहायला हवं असं काही नाही, हजर असलं तरी चालतं. पण निसीमला कसलीही कसर ठेवायची नव्हती. त्याने शाल डोक्यावरून घेतली, सगळ्यांवरून नजर फिरवली. एक, दोन, तीन. हासाजी. एझ्रा सर. आठ. नऊ. आणि अंगाशी थरथरणारा दहावा.

मग त्याने कद्दीश म्हटली, देवनागरीत उतरवून घेतलेल्या कागदावरून, वर्षभर रोज वाचून पाठ झालेली. जिथे थांबायचं तिथे तो थांबला आणि आमेन आलं. सहा पोरांचं झोपाळू, हासाजीचं चुकीच्या जागी, एझ्रा सरांचं कवायतीसारखं. सगळ्यांत मोठं आमेन रजईतून येत होतं. पोराला वाटत होतं, जेवढ्या मोठ्याने म्हणू तेवढं लवकर संपेल. दर आमेनमागे खोकल्याची उबळ येत होती आणि तो ती दाबून पुढच्या आमेनची वाट बघत होता.

शेवटचा शब्द झाल्यावर निसीम कबरीवर हात ठेवून रडला. चांगला मोकळा रडला. लीयाला मुकी पुरली होती, ते आज फिटलं. वर्षात पहिल्यांदा त्याच्या डोक्यातली मोजणी बंद पडली. म्हणून त्याच्या अंगाशी टेकलेलं ओझं खाली सरकलं, तेही त्याला लगेच कळलं नाही. एझ्रा सर ओरडले तेव्हा त्याने मागे पाहिलं. पोर मातीत मुटकुळं होऊन पडलं होतं आणि त्याचे ओठ जांभळाच्या बीसारखे झाले होते.

दुधाचा टेम्पो थांबवून त्याला रोह्याच्या एका खाजगी दवाखान्यात नेलं. दोन्ही बाजूंची फुप्फुसं भरली आहेत, असं डॉक्टर म्हणाला. नळी लावली, सुई लावली. "काल का नाही आणलं?"

"काल बरा होता," निसीम म्हणाला.

एझ्रा सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीवर रेल्वेच्या वेळांचा छापील कागद चिकटवलेला होता, त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ वाचला. पण बोलले काहीच नाहीत, कारण नदीतल्या बुडक्या त्यांच्या शिट्टीवर झाल्या होत्या.

हासाजी सकाळच्याच गाडीने पेणला परतला. जाताना निसीमच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "लीयाचं झालं एकदाचं. आता माझ्या वेळेला दहा कुठून आणतोस ते बघ. माझी नड जास्त हाय, मला रडणारं बी कोण नाय." पोरांना दुपारच्या एस.टी.त बसवलं. चार दिवसांची सहल दोन दिवसांत आटोपल्यामुळे ती पापडावर नाराज होती.

रूबेनचा बाप चारच्या सुमाराला आला. ठाण्यातल्या शेजाऱ्यांकडे फोन करून निरोप पोचवला होता. बारकासा, घाबरट माणूस, कुठल्याशा कारखान्यात स्टोअर-कीपर. पोर तेव्हा झोपलं होतं, ताप थोडा उतरला होता. वाचेल, असं डॉक्टर आता म्हणत होता, महिनाभर अंथरूण सोडायचं नाही एवढं पाळलं तर. बायजा खाटेपलीकडे स्टुलावर पेजेचा डबा घेऊन बसली होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं आणि जा म्हणायची कोणाची छाती नव्हती.

डॉक्टरने कागद उचलला. "इथे तेरा लिहिलंय. अंग तर दहाचं वाटतं. मला औषध वयावर आणि वजनावर द्यायचं आहे, खरं काय ते सांगा."

"तेराच," निसीम पटकन म्हणाला. "दिवाळीत झालीत पूर्ण."

बापाने टोपी काढली आणि हातात फिरवली. "नाही डॉक्टर. बारा. मार्चमध्ये तेरा पूर्ण होतील." मग तो एझ्रा सरांकडे वळला. "चुकलं सर. तुमच्या फॉर्मवर तेराची अट होती. ही म्हणत होती नको, पण मी म्हटलं, चार दिवस मोकळ्या हवेत राहील, पोरांत मिसळेल, जरा धीट होईल. म्हणून लिहिलं तेरा. त्यालाही सांगितलं, कोणी विचारलं तर तेरा म्हण. गुणी आहे हो, सांगितलं तेच म्हणाला असेल."

डॉक्टरने तेरावर काट मारून वर बारा लिहिलं आणि डोस बदलून निघून गेला. एझ्रा सर खिडकीशी जाऊन उभे राहिले.

निसीम खाटेच्या पायथ्याशी होता. बारा. म्हणजे सकाळी त्या कबरीशी धुक्यात नऊ होते. नऊ जणांनी उभं राहून कागदावरचे शब्द वाचले, नऊ जणांनी आमेन म्हटलं, आणि अंगाशी एक पोर तापाने फणफणत होतं. लीया कालच्याएवढीच मुकी होती. तेराची अट ज्याने लिहून पाठवली तो निसीम होता, गाडी बंद केली तो निसीम होता, पाठुंगळी वाहून नेलं तोही तोच. यातलं काहीच त्याच्या मनात आलं नाही. त्याच्या मनात मोजणी पुन्हा सुरू झाली होती. हासाजी धरून. तिथी गेली, पण न म्हटल्यापेक्षा उशिरा म्हटलेली कद्दीश बरी. हासाजी मार्च बघेल का?

बाप जवळ आला. त्याने निसीमचा हात दोन्ही हातांत घेतला. "काका, तुम्ही रात्रभर त्याच्या उशाशी बसलात म्हणे. तेल लावलंत, पेज भरवलीत. सख्खा आजा काय करील एवढं? तुमचे उपकार कसे फेडायचे?"

"मार्चच्या कितव्या तारखेला?" निसीमने विचारलं.

बापाचे डोळे भरून आले. "अठरा," तो म्हणाला. "बघा, एवढ्यातसुद्धा तुम्ही त्याचा वाढदिवस विचारताय. याच तुम्ही ठाण्याला. नाहीतर आम्हीच त्याला घेऊन येऊ इथे, तुमच्या पायावर घालायला."

"आणाच," निसीम म्हणाला. "अठरानंतर आणा."

बायजाने पेजेचा डबा खाली ठेवला. ती उठली, स्टूल उचललं, खाटेला वळसा घालून या बाजूला आली, आणि निसीम व पोर यांच्या मधोमध ते ठेवून त्यावर बसली.